ओटा बंद पडण्याचं कारण

सोमवारी दुपारी दोन चाळीसला पूनमकाकांचं वाक्य पडद्यावर अर्धंच राहिलं. 'आज बी जिन बंद. सोनीबाईने काल' एवढं उमटलं आणि पुढे काहीच नाही. मी समोरच बसले होते, हातात चहा होता, आणि मला वाटलं की ते नेहमीसारखे अक्षर शोधत असतील. एका बोटाने टाइप करणारा माणूस, 'क' नंतर 'ख' कुठे असेल म्हणून अख्ख्या कीबोर्डवर फिरून येणारा. मी वाट पाहिली. मोडेमचे दिवे क्षणभर मिटले आणि पुन्हा लागले, आणि पडद्यावरची ती लुकलुकणारी रेघ थांबून राहिली, तेव्हा कळलं की ओटा परत बंद पडला. त्या महिन्यातली ती अकरावी वेळ. मशीनचं बटण दाबून मी सगळं पुन्हा चालू केलं, पण काका काही परत आले नाहीत. सोनीबाईने काल काय केलं? ती त्यांची बायको, वीस वर्षं त्याच जिनात, म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्यात, रेच्यावर काम केलेली. कापसातून सरकी वेगळी करणारं ते यंत्र, त्याच्यापुढे उभं राहून बाईचे केसच पांढरे होतात, रुईने. या वर्षी दिवाळीनंतरही पाऊस पडत राहिला, बोंडं काळी पडली, आणि डिसेंबर अर्धा सरला तरी रेचे हलले नव्हते. अशा दिवसांत एखाद्या बाईच्या नावापुढे 'काल' येतो आणि वाक्य तुटतं, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात जे येऊ नये तेच पहिल्यांदा येतं. माझा चहा निवला तो निवलाच.

ओटा म्हणजे काय ते यवतमाळात मला इतक्यांदा सांगावं लागलं आहे की आता मी ते चिडूनच सांगते. एक कॉम्प्युटर, त्याला जोडलेला एक मोडेम, मोडेमला जोडलेली एकच टेलिफोन लाइन. तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरवरून माझा नंबर फिरवायचा, आधीच्यांनी लिहिलेलं वाचायचं, आपलं लिहायचं, आणि फोन ठेवायचा. लाइन एकच, त्यामुळे एका वेळी एकच माणूस. सगळे एकाच ओट्यावर बसतात, पण एकटे एकटे. म्हणून मी त्याचं नाव ओटा ठेवलं. पुण्यामुंबईच्या लोकांनी त्यांच्या अशाच ओट्यांना, म्हणजे बुलेटिन बोर्डांना, मोठाली इंग्रजी नावं दिली होती, त्यांना माझं नाव गावठी वाटलं. वाटू दे. पंच्याण्णव साली मी तो सुरू केला, अब्बांच्या वर्कशॉपमध्ये, जिथे सकाळ-संध्याकाळ मी कॉम्प्युटरचे क्लास घेते. अब्बा, म्हणजे जफर मिस्त्री, मोटारींचं वायंडिंग करायचे. गावातल्या निम्म्या जिनांच्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेल्या. जळालेल्या तारांचा आणि वॉर्निशचा वास त्या खोलीच्या भिंतींत मुरला होता. त्याच खोलीत मुलीने कॉम्प्युटर मांडायचं ठरवलं तेव्हा त्यांनी भिंतीवरचा बूस्टर, माझ्या लहानपणी स्वतः बांधलेला, त्याला जोडून दिला. आमच्या गावात सीझनला, म्हणजे कापसाच्या दिवसांत, सगळ्या जिनांच्या मोटारी एकदम चालू होतात आणि आमच्या भागातली वीज इतकी खाली बसते की बल्ब लाल होतात. बूस्टर ती वर उचलतो. त्याला एक मोठा काळा खटका होता आणि खटक्याच्या दोन बाजूंना अब्बांनी पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून ठेवलं होतं, एकीकडे 'जिन चालू', दुसरीकडे 'जिन बंद'. दसऱ्याला खटका चालूवर, होळीनंतर बंदवर. दसऱ्याच्या दिवशी जिनांमध्ये यंत्रांची पूजा असायची, अब्बांना मानाने बोलावायचे, ते शेवंतीचं एखादं फूल कोटाच्या खिशात घेऊन परत यायचे आणि आल्या आल्या खटका फिरवायचे. अब्बा या जूनमध्ये गेले. दसऱ्याला मला कुणी बोलावलं नाही. मी खुर्चीवर चढले आणि खटका मीच फिरवला, चालूवर. उतरल्यावर रडू आलं, ते मी येऊ दिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ओटा बंद पडू लागला. मी सॉफ्टवेअरवाली बाई, त्यामुळे दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधला. बोर्डाचा प्रोग्राम जुना होता, नवा टाकला. नवा जास्तच बंद पडू लागला म्हणून परत जुना टाकला. मेमरीची मांडणी तीन तऱ्हांनी करून पाहिली. माउस काढला, घड्याळाचा एक छोटा प्रोग्राम होता तो काढला, मोडेमची केबल बदलली, ती बदललेली केबल पुन्हा बदलली. पुण्याच्या एका बोर्डवाल्याला एसटीडी लावून विचारलं. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही आता हे बंद करा, इंटरनेट येतंय. मी म्हटलं, मी तुम्हाला ओटा बंद का पडतो ते विचारलं, कायमचा कसा बंद करायचा ते नाही. आणि फोन ठेवला. मग मी एका वहीत लिहायला लागले, कधी बंद पडला, तेव्हा कोण होतं, काय करत होतं. वही लिहिणं ही चूक झाली असं मला मधे काही दिवस वाटलं, कारण वहीत एकच नाव पुन्हा पुन्हा येऊ लागलं. पूनमसिंग. दुपारी दोननंतर. पूनमसिंग. दुपारी तीनला. अकरातल्या नऊ वेळा तेच होते, एक कॉलेजचा पोरगा होता, जो गेम उतरवून घेत तासभर बसला होता, आणि एकदा अकोल्याचा कुणीतरी. मला ती वही फेकून द्यावीशी वाटायची. काका माझ्याकडे अब्बांबरोबर आलेले, जिनात फिटर, पन्नाशीचे. मोटार वायंडिंगला आणायचे आणि ती होईपर्यंत बाकावर बसून माझ्या पडद्याकडे बघत राहायचे. एक दिवस म्हणाले, 'बेटी, हे मले येईन काय?' मी शिकवलं. तांड्यावरच्या माणसाला काय करायचंय कॉम्प्युटर, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. आता जिन बंद म्हणून त्यांच्या दुपारी मोकळ्या होत्या, पुतण्याच्या टायपिंगच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून ते रोज ओट्यावर यायचे आणि तासभर लावून चार ओळी लिहायचे. पहिली ओळ ठरलेली. आज बी जिन बंद. ही ओळ वाचून लोकांना कंटाळा येऊ लागला होता, आणि काहींना कंटाळ्यापेक्षा जास्त काही होऊ लागलं होतं.

मंगळवारी मोईन आला. माझा धाकटा भाऊ, चौकात एसटीडी बूथ चालवतो, आणि ओट्याची टेलिफोन लाइन त्याच्या नावावर आहे, कारण अर्ज केला तेव्हा अब्बा म्हणाले होते, मुलाच्या नावाने कर, लवकर मिळेल. घरात आम्ही हिंदीच बोलतो, भांडण मात्र वऱ्हाडीत. म्हणजे तो 'आपा' म्हणून आत आला आणि पुढचं वाक्य वऱ्हाडीत आलं तेव्हाच मला कळलं की आज काय आहे.

'आपा, त्या फिटरले काढ तिथून.'

'काहून?'

'मॅनेजर येते माह्या बूथवर, जिनचा. मने, तुही बहीण आमच्या जिनची बदनामी करून राह्यली. जिनवाले पेपरात सांगून राह्यले का सीझन चालू आहे, अन् तुह्या मशीनवर रोज जिन बंद, जिन बंद. अन् मशीन तं तशीही बंद पडते तुही. कायले पायजे?'

'जिन बंद आहे की चालू आहे?'

'तो सवालच नाही.'

'तोच सवाल आहे, मोईन.'

तो खोलीत फिरला. नाक वर करून म्हणाला, 'अब्बाचा वास अजून येते इथं.' मला धक्का बसला, कारण मला वाटत होतं तो वास फक्त मलाच येतो. मग खांदे उडवून म्हणाला, त्याच्या बूथचे बल्बही आजकाल रोज उडतात, माल डुप्लिकेट येतो, कशाचाच भरवसा राहिला नाही. आणि दारातून, माझ्याकडे न बघता, 'शनिवारपर्यंत पाह्यतो. एक तं त्या माणसाले काढ, नाहीतं लाइन मी बूथवर नेतो. माह्या नावावर आहे.' मी म्हटलं, 'ने. पण काकांना मी काढणार नाही.' हे बोलायला मला एक क्षणही लागला नाही, आणि तो गेल्यावर मात्र मी ती टेलिफोनची वायर हाताने चाचपून पाहिली. लाइन गेली की ओटा गेला. दुसरी लाइन मिळायला वर्षं लागतात, आणि माझ्या एकटीच्या नावावर तर विचारूच नका.

त्या वासाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरपासून, दुपारी दुपारी, मी एकटी असताना, खोलीत अब्बांचा वास यायचा. वॉर्निश तापल्याचा. ते असताना भट्टीतून वायंडिंग बाहेर काढायचे तेव्हा जसा यायचा अगदी तसाच, जुना मुरलेला नाही, ताजा. आणि त्याबरोबर एक गुणगुण, भिंतीतून येणारी, बूस्टरची असावी, पण नेहमीपेक्षा तणावाची. अब्बा भिंतीवर तळवा ठेवून ती ऐकायचे. व्होल्टेज बघायला त्यांनी बूस्टरवर काटा बसवलाच नव्हता. 'कान आहे ना,' म्हणायचे. लाइन बसली की गुणगुण ढिली, चढली की ताठ. मला त्यांनी लहानपणी शिकवलं होतं, मी कान लावून सांगायचे आणि ते हसायचे. पण आता मी ती ऐकायचे तेव्हा मला लाइन ऐकू येत नव्हती, ते ऐकू येत होते. मी देवभोळी बाई नाही. नमाज मी सोयीने पढते, भूतबीत मानत नाही. तरीपण दुपारी अडीचच्या सुमारास मी क्लासचं काम उगीच लांबवायचे आणि खुर्ची भिंतीकडे सरकवून बसायचे. अम्मी लहानपणीच गेली. लग्न मी केलं नाही. मला जाणून असलेला एकच माणूस या जगात होता आणि तो दुपारचा येऊन जात होता, तर त्यात कुणाचं काय जात होतं?

बुधवारी धम्मदीप कळंबहून एसटीने आला. तो तिथे कॉम्प्युटर क्लास चालवतो, ओट्याचा कारभार आम्ही दोघं मिळून बघतो, माझ्याइतकेच अधिकार त्यालाही आहेत. हुशार आहे, सरळ आहे, आणि पुरावा हातात आला की त्याच्या डोळ्यांत एक कोरडी चमक येते. ती त्या दिवशी होती. 'ताई, रागावू नका,' तो म्हणाला. 'सोमवारी रात्री मी कळंबहून पूनमसिंगचं खातं बंद केलं. नुसतं टेस्टिंगसाठी. काल दिवसभर, आज दुपारपर्यंत, ओटा एकदाही बंद पडला नाही.'

मी वही उघडली. खरं होतं. मंगळवार कोरा, बुधवार कोरा. सलग दोन दिवस कोरे, ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.

'ते काहीतरी वेडंवाकडं टाइप करत असतील ताई. एखादी कळ चुकून दाबतात, प्रोग्राम अडकते. मुद्दाम नाही म्हणत मी. पण पुरावा तं आहे ना?'

पुरावा होता. माझ्या आत काहीतरी ताठ झालं, आणि ते उत्तर नव्हतं हे मलाही कळत होतं, ते नुसतं ताठ होणं होतं. मला आठवलं, मी सातवीत असताना वर्गातला पंखा जळाला आणि मास्तरांनी विचारलं होतं, पंख्याखाली कोण बसलं होतं? मी बसले होते. मिस्त्रीची पोर, हात लावला असेल. पंखा जळाला तेव्हा त्याच्याखाली बसलेलं असणं हा गुन्हा मी आठ दिवस वर्गाबाहेर उभं राहून भोगला होता. नवव्या दिवशी अब्बांनी शाळेत येऊन पंखा उतरवला, उघडला, आणि मास्तरांच्या टेबलावर त्याचं बेअरिंग ठेवलं, गंजलेलं. मी धम्मदीपला म्हटलं, 'खातं चालू कर.'

'ताई, शनिवारी लाइन जाईल.'

'जाऊ दे. तू स्वतः मला सांगितलं आहेस, तुझ्या आजोबांना विहिरीवरून का हाकलायचे ते. विहीर आटली की पहिलं कुणाचं नाव यायचं तेही सांगितलं आहेस. खातं चालू कर.'

तो लाल झाला. म्हणाला, 'हे तसं नाही.' मग त्यानेच टाइप करून खातं चालू केलं. जाताना दारात थांबून म्हणाला, 'तसं नाही ताई. पण मी विचार करून राह्यलो.' त्याला लागलं होतं. मी माफी मागितली नाही.

गुरुवारी मी दिवसभर वाट पाहिली. दोन वाजले, अडीच, तीन. काका आले नाहीत. मोडेमचा आवाज झाला की मी उठायचे, कुणी नेरचा पोस्टमास्तर निघायचा, कुणी होमिओपॅथीचा डॉक्टर, पाच मिनिटं वाचून फोन ठेवणारे. खातं बंद असताना काकांनी दोन दिवस नंबर फिरवला असेल, नाव टाकलं असेल, आणि पडद्यावर आलं असेल की तुम्हाला प्रवेश नाही. सोनीबाईने काल. मी त्या दोन शब्दांपुढे सगळी क्रियापदं लावून पाहिली. संपवलं. खाल्लं. टाकलं. घेतलं. मराठीत बायकांच्या नावापुढे लावायला किती वाईट क्रियापदं आहेत, आणि ती किती पटापट सुचतात. संताप आला. मॅनेजरचा, मोईनचा, धम्मदीपचा, पण सगळ्यात जास्त माझा, कारण मी सोमवारीच सायकल काढून जायला हवं होतं आणि मी गेले नाही, वाईट खरं निघेल म्हणून. त्या दुपारी अब्बांचा वासही आला नाही. खुर्ची भिंतीकडे सरकवून मी नुसतीच बसून राहिले.

शुक्रवारी दुपारी दोनला दारात सायकल लागली. पूनमकाका. पांढरं धोतर, वर फिटरचा निळा शर्ट, जिन बंद असतानाही तो घालतात. आत आले नाहीत, उंबऱ्यातच उभे राहिले.

'बेटी, मले काहून काढलं?'

'मी नाही काढलं काका. पण काढलं गेलं, ते माझ्याच दारात. आत या.'

'मी वंगाळ लिहिलं काय काही?'

'नाही. काका, सोनीमावशी बरी आहे ना?'

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझंच काही बिनसलं आहे. 'तिले काय झालं? बाहेर मोसंब्या घेऊन राह्यली.' मी दारातून वाकून पाहिलं. सोनीबाई खरंच गाडीवाल्याशी हुज्जत घालत होती, एकेक मोसंबी दाबून परत ठेवत होती. मला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम, आणि मी ते लपवलं नाही. काका म्हणाले, 'वेडी काय तू?' आणि आत येऊन बाकावर बसले, अब्बांच्या वेळी बसायचे तिथेच.

मी म्हटलं, 'तुमचं वाक्य अर्धं राहिलं. आता इथे बसा, माझ्याच कीबोर्डवर, आणि पूर्ण करा.' ते नको म्हणाले, मी बसवलं. एका बोटाने लिहू लागले. पंचवीस मिनिटं झाली, चाळीस झाली. मी पडद्याकडे बघत नव्हते, घड्याळाकडे बघत होते. पाऊण तास झाला. त्यांनी तीनदा चुकीची कळ दाबली, एकदा तर हाताचं कोपर सगळ्या कीबोर्डवर पडलं. ओटा बंद पडला नाही. म्हणजे त्यांच्या शब्दांत काही नव्हतं, बोटांतही नव्हतं. तोच माणूस, तोच प्रोग्राम, तेवढाच वेळ. फरक काय? मधे टेलिफोन नव्हता. मोडेमला काम नव्हतं. आणि हे मनात येत असतानाच मी टेबलाखाली वाकले, जिथे मोडेमचा छोटा काळा अडॅप्टर प्लगमध्ये बसतो, अब्बांच्या जुन्या टेबलाच्या मागे, जिथे कुणी बघत नाही. मी त्याला हात लावला आणि मागे घेतला. मोडेम नुसता बसलेला असतानाही तो तव्यासारखा होता. तासभर बोलत राहिला तर काय होत असेल? आणि त्यातून, इतक्या जवळून की चूक होणं शक्यच नव्हतं, वॉर्निशचा वास येत होता. ताजा.

मी तशीच टेबलाखाली बसून राहिले. काका वरून म्हणाले, 'काय होय?'

'अडॅप्टर जळून राहिला आहे.'

'जळनच. आमच्या जिनात बी बल्ब टिकत नाही यंदा. मोटारी सगळ्या बंद, मंग लाइन चढते ना. सीझनले बसाची ते यंदा चढून राह्यली. तुह्या अब्बाले कान लावला का समजे.'

मी कान लावला. टेबलाखालून बाहेर येऊन, भिंतीवर तळवा ठेवून, जसा लहानपणी लावायचे. गुणगुण ताठ होती. दोन महिने ती ताठ होती आणि दोन महिने मी ती ऐकत होते. मग मी वर पाहिलं. खटका चालूवर होता, पांढऱ्या पेंटमध्ये, अब्बांच्या अक्षरात, 'जिन चालू'. रोज दुपारी एक माणूस मला लिहून कळवत होता की जिन बंद आहे, आणि माझ्या डोक्यावर भिंतीला मी टांगून ठेवलं होतं की चालू आहे, कारण दसरा झाला होता. दसऱ्याला खटका फिरवायचा ही अब्बांची रीत नव्हतीच. जिन सुरू झालं की फिरवायचा, ही रीत होती. त्यांच्या अख्ख्या हयातीत ते दोन्ही एकाच दिवशी आलं, एवढंच. काका सोडले तर या गावात कुणालाच, मला नाही, धम्मदीपला नाही, वीज जास्त असू शकते हे सुचलं नाही. आम्ही कमीचीच तक्रार करत मोठे झालो.

अब्बांची थैली मी जूननंतर उघडली नव्हती. त्या दिवशी उघडली. चष्मा होता, पट्टीत गुंडाळलेली पक्कड होती, आणि तळाशी मीटर. बाहेरून येणारी वीज दोनशे सत्तेचाळीस. बूस्टरमधून निघणारी दोनशे शहाऐंशी. कॉम्प्युटरने ते सोसलं, त्या बिचाऱ्या छोट्या डब्याने नाही. जो पाच मिनिटं बसायचा त्याच्या वेळी तो तग धरायचा. जो तासभर बसायचा त्याच्या वेळी मिटायचा, मग कॉलेजचा पोरगा असो, अकोल्याचा कुणी असो की एका बोटाने लिहिणारा फिटर. आणि फिटर तासभर बसायचा, कारण जिन बंद होतं. काकांनी दोष केला नव्हता. काका आणि दोष दोघेही एकाच दारातून आत येत होते. मी खुर्चीवर चढले. खटक्यावर हात ठेवला आणि थांबले, कारण मला माहीत होतं की हा फिरवला की काय जाणार आहे. उद्या दुपारी अडीचला ही खोली नुसती खोली असेल. कुणी येणार नाही. काका खालून बघत होते, त्यांना वाटलं मला जोर पुरत नाही. 'फिरवू काय मी?' म्हणाले. मी म्हटलं, 'नको. माझा बाप आहे, मीच फिरवते.' आणि फिरवला. गुणगुण खाली आली, ढिली झाली, आणि मला ऐकू येईनाशी झाली. नवा अडॅप्टर मी संध्याकाळी बाजारातून आणला. जुना अजून टेबलाच्या खणात आहे, तो मी टाकणार नाही.

शनिवारी मोईन पक्कड घेऊनच आला. तेव्हा ओट्यावर पूनमकाका होते, पुतण्याच्या दुकानातून, पावणेदोनपासून. आत येऊन तो वायरपाशी गेला, मी म्हटलं, 'बस. माणूस बोलतो आहे.' तो उभाच राहिला. पडद्यावर एकेक अक्षर येत होतं. दोन चाळीस झाले. दोन पंचेचाळीस. मी त्याचा हात धरून टेबलाखाली अडॅप्टरवर ठेवला, तो कोमट होता. काकांनी ते सोमवारचं वाक्य पहिल्यापासून लिहायला घेतलं होतं, आदल्या दिवशी माझ्याकडे बसून लिहिलेलं त्यांना पसंत नव्हतं, म्हणे दुसऱ्याच्या घरी लिहिलेलं दुसऱ्याच्या घरचं. 'आज बी जिन बंद. सोनीबाईने काल भिंतीवरून जाऊन आपल्या रेच्याले तेल दिलं. वॉचमन मने, मशीन बंद आहे, तेल कायले? सोनीबाई मने, गंज तं बंद नाही.'

मोईनने ते वाचलं. मग काकांनी फोन ठेवल्यावर त्याच्याखाली मी जे लिहिलं तेही त्याने उभ्यानेच, माझ्या खांद्यावरून वाचलं. मी लिहिलं: ओटा बंद पडण्याचं कारण सापडलं. पूनमसिंग यांचा काही संबंध नाही, त्यांचं खातं दोन दिवस बंद राहिलं याबद्दल ओटा त्यांची माफी मागतो. जिन चालू असतं तर आमच्या भागात वीज खाली बसली असती. ती बसलेली नाही. काल दुपारी दोनशे सत्तेचाळीस, आज दोनशे एकोणपन्नास. ज्यांना वाटतं जिन चालू आहे त्यांनी आपल्या घरचा बल्ब बघावा. यापुढे रोजचा आकडा इथे लिहिला जाईल.

'हे काढ, आपा.'

'नाही काढणार.'

'मॅनेजर वाचन.'

'वाचू दे. त्याच्या घरीही मीटर असेल.'

हातातली पक्कड त्याने उघडली, मिटली, उघडली. मग हळूच विचारलं, 'माह्या बूथचे बल्ब?'

'तेच कारण.'

'माल डुप्लिकेट नोहय?'

'नाही.'

त्याने पक्कड खिशात घातली. वायरीला हात लावला नाही, पण लाइन ठेव असंही म्हणाला नाही. 'सोमवारी येतो,' एवढंच बोलला आणि गेला. तो सोमवारी खरंच वायर तोडेल की नाही मला माहीत नाही. तोडली तर मी आकडा खडूने बाहेरच्या फळीवर लिहीन, ज्या फळीवर अब्बा 'मोटार तयार' लिहायचे, आणि तिथे वाचायला मोडेम लागत नाही. रविवारी क्लासला सुट्टी होती, तरी मी गेले. दुपारी अडीचला खोलीत कसलाच वास नव्हता. धुळीचा थोडा, माझ्या चहाचा थोडा. मी खुर्ची भिंतीकडे सरकवली नाही. थैलीतून मीटर काढला, लावला, आणि ओट्यावर लिहिलं: दोनशे बावन्न, जिन बंद. खाली पूर्ण नाव लिहिलं, गझाला जफर मिस्त्री.